एकास चोवीस

“चालते का?”

सोसायटीचे चेअरमन अंगदराव पाण्याच्या बदललेल्या वेळा सांगायला आले होते. वेळा सांगून झाल्या, चहा नको म्हणून झालं, आणि मग काचेच्या कपाटाकडे बघत त्यांनी हा प्रश्न विचारला. अजिनाथने डोळे मिटून घेतले. गेल्या बारा वर्षांत हाच प्रश्न त्याला दूधवाल्याने, मीटर वाचायला येणाऱ्याने, मतदार यादी घेऊन आलेल्या बाईंनी आणि बायकोच्या दोन्ही मामांनी विचारला होता. खुद्द अंगदरावांची ही चौथी वेळ होती.

“चालत नाही. मॉडेल आहे,” अजिनाथ म्हणाला.

“सेल टाकल्यावरसुद्धा?”

“सेल टाकायला जागाच नाही त्यात.”

अंगदराव पुढे काही बोलले नाहीत, पण जिना उतरताना त्यांनी मान अशी हलवली की बोलले असते तर बरं झालं असतं.

अजिनाथ सत्तेचाळीस वर्षांचा. नागापूरच्या एमआयडीसीत मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या रंगवणाऱ्या एका कंपनीत तो चेकर आहे. रंगून, भट्टीतून भाजून आलेली टाकी पांढऱ्या हातमोज्यांनी उचलायची, आठ ट्यूबलाइटच्या उजेडात सगळ्या बाजूंनी फिरवायची, आणि कुठे धुळीचा कण किंवा रंगाचा ओघळ दिसला की पिवळ्या पेन्सिलीने त्याभोवती गोल काढून टाकी परत पाठवायची. चोवीस वर्षं तो हेच करतो आहे. कंपनीत त्याच्या डोळ्याला मान आहे. घरी त्याच डोळ्याचा सगळ्यांना वैताग आहे, कारण कंपनीच्या गेटवर कार्ड पंच केलं म्हणून डोळा काही बंद होत नाही. साडूच्या नव्या गाडीची पूजा चालू असताना, पेढा तोंडात असताना, हा गृहस्थ म्हणाला होता, “बॉनेटवर ओघळ आहे.” तेव्हापासून दिपाली, म्हणजे त्याची बायको, कुणाच्या नव्या गाडीचे पेढे खायला एकटीच जाते.

गाड्यांचा नाद त्याला लागला तो एका साहेबामुळे. परदेशात ट्रेनिंगला गेलेल्या त्या साहेबाने येताना त्याच्यासाठी एक खोकं आणलं. आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले दीडशे सुटे भाग, एवढे एवढेसे, आणि एक चित्रांचा कागद. भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, सांध्यात पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा आणि मग रंग. खरी गाडी चोवीस हात लांब असेल तर ही एक हात. एकास चोवीस, असं त्या मापाला म्हणतात. अजिनाथने ती जीप तीन महिन्यांत बांधली आणि रंगवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला अशी वस्तू हातात मिळाली जिच्यावर कुठेच गोल काढावा लागला नाही. झालं, माणूस गेला कामातून. आता कपाटात एकतीस गाड्या आहेत. अग्निशामक, दुधाचा टँकर, क्रेन, बस. सगळ्या आरशासारख्या लख्ख.

आणि नेमकं तेच लोकांना खटकतं. मोबाईलवर असल्या नादिष्टांचा एक ग्रुप आहे. तिथे फोटो टाकला की पुण्याचा कुणीतरी लिहितो, ‘काम सुंदर, पण ही गाडी शोरूममधून कधी हललेली नाही.’ ते लोक चिखल उडवतात, गंज रंगवतात, मुद्दाम पोचे पाडतात. अजिनाथनेही एकदा ब्रश तपकिरी रंगात बुडवला होता. ब्रश दरवाज्यापासून बोटभर अंतरावर आला आणि हात तिथेच थांबला. डागच काढायचे होते तर चोवीस वर्षं डाग पकडण्यात कशाला घालवली, असं त्याला वाटलं आणि त्याने ब्रश धुऊन टाकला.

पण ग्रुपवाले काय म्हणतात याची त्याला तेवढी फिकीर नव्हती. त्याचा जीव मेटाकुटीला आणला होता तो घरातल्याच एका परीक्षकाने. त्याचे वडील, कानिफनाथ.

पाथर्डीकडच्या खेड्यात त्यांना कानिफ ड्रायव्हर म्हणत. लांब नाकाचा ट्रक त्यांनी एकतीस वर्षं चालवला. थंडीत कारखान्याचा ऊस, उरलेलं वर्ष कांदा, कडबा, वाळू, जे मिळेल ते. कपाळपट्टीवर लिहिलं होतं ‘कानिफनाथ प्रसन्न’. मढीच्या नाथांच्या नावाने लिहिलेलं, पण कारखान्यात ऊस उतरवायच्या गव्हाणीवरची पोरं म्हणायची, ड्रायव्हर स्वतःवरच प्रसन्न दिसतोय. कानिफनाथांची एकच इच्छा होती की पोराने आपल्यानंतर स्टिअरिंगवर बसावं. पोरगा बावीस वर्षांचा झाला तसं त्यांनी किल्ली त्याच्यासमोर ठेवली. अजिनाथ म्हणाला, “दादा, मला कंपनीत लागायचंय. हे धुळीतलं जिणं मला नको.” वडिलांनी किल्ली उचलून खिशात घातली. त्यावर ना ते तेव्हा बोलले, ना नंतर. पुढे गुडघा गेला, क्लच दाबेना, तेव्हा ट्रक शेवगावकडच्या कुणाला तरी देऊन टाकला. पाच वर्षांपूर्वी ते आणि आई, भीमाबाई, नगरला लेकाकडे राहायला आले. तेव्हापासून कानिफनाथ गॅलरीतल्या खुर्चीवर बसून रस्त्यावरचे ट्रक बघतात. कपाटातल्या एकतीस गाड्यांकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नाही. चालते का, असं न विचारणारा घरात तेवढा एकच माणूस होता, आणि त्याने ते विचारावं म्हणून अजिनाथ मनातल्या मनात तडफडत होता.

म्हणून मागच्या वर्षी श्रावणात त्याने तो ट्रक करायला घेतला. दादांचाच ट्रक. माफी मागायची राहून गेली होती, आणि तोंडाने मागणं त्याच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं. दादांनी एकदा बघून म्हणावं, ‘व्हय, हीच माझी गाडी.’ एवढंच त्याला हवं होतं.

चौदा महिने लागले. असल्या ट्रकचं किट कुठेच मिळत नाही, म्हणून लांब नाकाच्या एका परदेशी गाडीचं किट आणून त्याचं निम्मं कापून फेकलं. हौदा आइस्क्रीमच्या काड्या तासून केला, मागचा फाळका बिजागऱ्यांसकट. मापं भंगारात पडलेल्या एका जुन्या गाडीवरून घेतली, भंगारवाल्याने तिथेही विचारलं, “घेताय का? चालती करून देतो.” मूळ ट्रकचा फोटो घरात एकच, आत्याच्या लग्नातला, आणि त्यातही अर्ध्या बॉनेटसमोर एक मामा छाती काढून उभे. त्या मामांनी दोन पावलं डावीकडे सरकायला काय हरकत होती, हा विचार अजिनाथने वर्षभरात किमान शंभरदा केला.

केबिनला रंग दिल्यावर त्याने ट्रक पहिल्यांदा गॅलरीत नेऊन दादांपुढे धरला.

दादांनी चष्मा लावला, बघितलं आणि चष्मा काढला. “न्हाई,” ते म्हणाले.

“काय नाही?”

“ही न्हाई ती.”

निळा जास्त गडद असेल म्हणून त्याने रंग खरवडून पुन्हा दिला. न्हाई. आरसे बदलले. न्हाई. हौद्याला पिवळी-लाल नक्षी काढली, कपाळपट्टीवर तीन केसांच्या ब्रशने नाथांचं नाव लिहिलं, श्वास रोखून, चार दिवस. तरी न्हाई. मधल्या काळात दादांनी दिलेल्या माहितीची तर कथाच वेगळी. भोंगा सोमवारी डावीकडे असायचा, गुरुवारी उजवीकडे.

“अहो पण चुकलंय काय, तेवढं तर सांगा,” अजिनाथ शेवटी चिडून म्हणाला.

“तू चेकर हायस ना कंपनीत?” दादा रस्त्याकडे बघत म्हणाले. “मग तूच हुडक.”

हे मात्र त्याला लागलं. दिपालीने जेवताना समजूत काढायचा प्रयत्न केला, म्हणाली, म्हातारं माणूस आहे, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. त्यावर अजिनाथ तिच्यावरही चिडला आणि भाजीत मीठ बरोबर असूनही कमी आहे म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने ट्रकवर शेवटचा हात मारला. हा मॅटचा हात, चमक थोडी बसवणारा. त्याच्या दृष्टीने ही फार मोठी तडजोड होती. चाकं फेविक्विकने पक्की चिकटवून टाकली, म्हणजे गाडी कपाटात घरंगळणार नाही. दसऱ्याला सकाळी ट्रक खिडकीजवळच्या टेबलावर वाळत ठेवला आणि तो झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेला. जाताना दिपालीला बजावलं, टेबलाला कुणी हात लावायचा नाही. दिपाली तेव्हा पुरणाला चटका देत होती. आईला बजावायचं त्याला सुचलं नाही.

तासाभराने तो परत आला. खाली त्याच्या स्कूटरला हार होता, हँडलवर स्वस्तिक होतं. वर आला तर मिक्सरला हळदकुंकू, शिलाई मशीनला हळदकुंकू, विळीला, कात्रीला, गॅसच्या शेगडीला, आणि त्याच्या रंग फवारायच्या छोट्या कॉम्प्रेसरलाही. आई दर दसऱ्याला घरातली यच्चयावत हत्यारं पुजते, त्यात नवल काही नव्हतं. मग त्याने टेबलाकडे पाहिलं.

ट्रक ओल्या फडक्याने पुसलेला होता. बॉनेटवर पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं, डिझेलच्या टाकीवर हळदीची पाच बोटं, केबिनच्या टपावर एक अख्खा झेंडू. चोवीस पट केला तर तो झेंडू दुचाकीएवढा झाला असता. वरून उदबत्तीची राख पडलेली.

“आई,” अजिनाथ म्हणाला.

“आलास व्हय? फुलं आन हिकडं. त्या गाडीला बारका वव्हून घालते.”

“चौदा महिने, आई. चौदा महिने लागले मला त्याला. अजून वाळला नव्हता तो.”

“आरं पर दसऱ्याची गाडी कोरी ठेवत्यात का?”

तो कापूस ओला करून पुसायला धावला, आणि त्यानेच घात झाला. मॅटचा थर कच्चा होता. कुंकू त्यात मुरलं आणि जे मुरलं नाही ते कापसाबरोबर खाली सरकलं. स्वस्तिकाच्या एका पायापासून लाल ओघळ निघाला, बॉनेटच्या कडेवरून वळला, जाळीवरून उतरला आणि नंबरप्लेटवर जाऊन थांबला. ओघळ. ज्याला पकडण्याचे त्याला पैसे मिळतात तोच. त्याने कापूस आपटला.

“बाकीच्या एकतीस गाड्या आहेत कपाटात,” तो ओरडला. “त्यांना का नाही लावलं? यालाच का?”

भीमाबाईंना प्रश्नच कळला नाही. “ती खेळनी हायेत की रं. ही आपली गाडी हाय.”

संतापाच्या भरात हे वाक्य त्याच्या कानात शिरलं, पण आत पोचलं नाही. त्याचा आवाज ऐकून गॅलरीतून काठीचा आवाज जवळ आला आणि दादा दारात उभे राहिले. “काय लावलंय सनाच्या दिवशी?” ते म्हणाले. मग त्यांची नजर टेबलाकडे गेली.

ते टेबलापाशी आले. चष्मा लावला. आधी वाकून बघितलं, मग खुर्ची ओढून बसून बघितलं. अजिनाथ ‘न्हाई’ ऐकायची तयारी करून भिंतीला टेकून उभा राहिला. आता ऐकलं की हा ट्रक कचऱ्याच्या गाडीत टाकायचा, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. दादांनी उजव्या हाताची दोन बोटं बॉनेटला टेकवली आणि कपाळाला लावली. रोज पहाटे गाडीत चढायच्या आधी ते असंच करायचे. अजिनाथने ते लहानपणी हजारदा पाहिलं होतं आणि साफ विसरला होता.

“दर साली हितंच यायचा,” दादा म्हणाले.

“काय?”

“वघळ. हितनं निगायचा आन नंबरावर जायचा. तुजी आई कुंकवात पानी लई घालती. तीस वर्सं सांगितलं, घट कालव म्हून. ऐकलं का तिनं? होळीपत्तुर जायचा न्हाई त्यो डाग. गव्हानीवर समदे वळखायचे, कानिफची गाडी आली म्हून.” त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. “व्हय. हीच.”

चौदा महिने अजिनाथने निळ्याची छटा शोधली होती, आरशाचा कोन शोधला होता. आईच्या पातळ कुंकवाचा विचार त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, कारण असली गोष्ट दिसली की तो तिच्याभोवती गोल काढत आलेला होता. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाही थोडा राग आला.

पण दादांचं अजून संपलं नव्हतं. “लिंबू कुटं हाय?” त्यांनी विचारलं. “चाकाखाली लिंबू न्हाई ठिवलं?”

भीमाबाई लगबगीने स्वयंपाकघरातून लिंबू घेऊन आल्या आणि पुढच्या चाकासमोर ठेवू लागल्या. चाक आणि लिंबू सारखंच उंच.

“थांब,” अजिनाथ म्हणाला. त्याला राहवलं नाही. “या मापात हे लिंबू सव्वातीन फुटांचं होतं. एवढं लिंबू चाकाखाली कुठे असतं का?”

“मग आता काय करायचं?”

त्याने क्षणभर हिशेब केला. खऱ्या लिंबाचा चोविसावा भाग. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, मिसळणाचा डबा उघडला आणि चिमटीत मोहरी घेऊन आला. भिंगातून बघून त्याने गोल गोल चार दाणे निवडले. एक थोडा चपटा निघाला, तो परत टाकला आणि दुसरा घेतला. चिमट्याने एकेक दाणा चाकासमोर बसवला. पुरणाचा चमचा हातात घेऊन दिपाली दारात उभी होती.

“आता घे पुढं,” दादा म्हणाले.

“चालत नाही, दादा,” अजिनाथच्या तोंडून सवयीने गेलं. “मॉडेल आहे.”

“गाडी हाय ना?”

“चाकं चिकटवलीत मी. फिरणार नाहीत.”

“मग सोडव.”

दादा इतकं सरळ म्हणाले की त्यावर वाद घालायला जागाच नव्हती. अजिनाथने बारीक ब्लेड घेतलं. स्वतःच्या हाताने घासून, तपासून, पक्का केलेला एकेक सांधा तो कापायला लागला. मागच्या चाकाशी ब्लेड निसटलं आणि मडगार्डवर पांढरा चरा उठला. चाकाला तोलणाऱ्या पाट्यांच्या कमानीचा एक तुकडा तुटून टेबलाखाली गेला. घामाने त्याची बोटं घसरत होती. शेवटचं चाक कट्‌ असा आवाज करून सुटलं आणि त्याने ट्रक मोहरीच्या दाण्यांमागे पुन्हा नीट लावला.

“घ्या,” तो बाजूला होत म्हणाला. “ढकला तुम्ही.”

दादांनी हात काठीवरून उचलला नाही. “माजा गुडगा क्लचवर बसत न्हाई आता,” ते म्हणाले. “तूच घे.”

पंचवीस वर्षांपूर्वी जे समोर ठेवून परत खिशात गेलं होतं ते पुन्हा समोर आलं आहे, हे अजिनाथला कळलं. त्याने केबिनच्या मागे एक बोट टेकवलं.

“सावकास,” दादा म्हणाले. “पयल्यात घे. डावीकडं दाबू नको.”

त्याने ट्रक पुढे घेतला. एक दाणा उडाला, दोन नुसते घरंगळले, चौथा मात्र चाकाखाली बारीक आवाज करून फुटला. ट्रक वीतभर चालला आणि थांबला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. अंगदराव होते. सोसायटीच्या पाण्याच्या मोटरला हार कमी पडला होता, म्हणून झेंडूची दोन-चार फुलं मागायला आले होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, कुंकवाने माखलेल्या ट्रककडे, ब्लेड घेऊन घामाघूम बसलेल्या अजिनाथकडे, आणि फुलं राहिली बाजूलाच.

“आता चालते का?” त्यांनी विचारलं.

अजिनाथने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी खुर्चीतून उत्तर आलं.

“चालती की,” कानिफनाथ म्हणाले. “ड्रायव्हर तेवढा नवा हाय.”